वरचा मजला, मागचं स्वयंपाकघर आणि महिन्याची नोटीस

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. अंगणवाडी सेविका आहे, मालक एसटीत वाहक आहेत. २०१८ मध्ये तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर नगरपालिकेची परवानगी काढून आम्ही खाली घर बांधलं. २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळं दीर आणि जाऊ पुण्याहून परत आले, तेव्हा घाईघाईत वर एक मजला घेतला. मागं पाण्याचा हौद होता, त्याच्यावर स्लॅब होताच, तिथं स्वयंपाकघर काढलं. वरच्या मजल्याला बाजूनं तीन फुटांची गॅलरी काढली. परवानगीचं राहूनच गेलं. शेजाऱ्यांशी आधी चांगलं होतं, पण यंदा पावसाळ्यात पाण्यावरून वाजलं आणि त्यांनी अर्ज दिला. आता नोटीस आलीय: बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे नाही, एक महिन्यात काढून घ्या, नाहीतर पालिका काढेल आणि खर्च तुमच्याकडून वसूल करेल. दाजी म्हणतात, नोटीस घ्यायलाच नको होती, आता गुंठेवारीत नियमित करून घेऊ. ओळखीचा एक माणूस म्हणतो, दीड लाख द्या, फाइलच गायब करतो. मालक म्हणतात, वरच्या मजल्याची घरपट्टी भरतो ना आपण, मग बेकायदा कसं? सासूबाईंनी चार दिवस धड जेवण घेतलेलं नाही. घर पाडतील का हो?

उत्तर

ताई, सासूबाईंना आधी जेवायला वाढा. उद्या सकाळी कुणी जेसीबी घेऊन येत नाही. महिना संपल्यावरही कुणी येणार नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमचं पत्र पोचलं तेव्हा मुदतीतले अठरा दिवस शिल्लक होते, म्हणून मुख्य गोष्ट तुम्हाला फोनवर सांगून टाकली. इथं सविस्तर लिहितोय, कारण तुमच्यासारखीच आणखी पाच-सहा पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत. माणसं वेगळी, गावं वेगळी. वरचा मजला आणि मागची खोली मात्र सगळीकडे तीच.

मी एकतीस वर्षं नगरपालिकांच्या बांधकाम विभागात काढली. अशा नोटिसा मीच तयार केल्या आणि कुणी घेतली नाही की दोन पंचांच्या सह्या घेऊन मीच दारावर डकवल्या. म्हणून दाजींचं म्हणणं आधी निकालात काढतो. नोटीस नाकारली की ती दारावर लागते, फोटो निघतो, पंचनामा होतो आणि मुदत चालू होते. नाकारणाऱ्याला मिळतं काय, तर नोटिशीत लिहिलंय काय हे वाचायला त्याला चार दिवस उशीर होतो. तुम्ही घेतलीत, चांगलं केलंत. आता तिच्यावर ती मिळाल्याची तारीख पेनानं लिहून ठेवा. लिफाफ्यातून आली असेल तर लिफाफाही जपा, त्याच्यावर पोस्टाचा शिक्का असतो.

माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीभोवती आहे. तुमच्या डोक्यात ‘घर’ ही एकच वस्तू आहे आणि ती वाचणार की जाणार, असा प्रश्न तुम्ही विचारताय. पालिकेच्या नकाशावर मात्र तुमच्याकडे चार वस्तू आहेत: तळमजला, वरचा मजला, मागचं स्वयंपाकघर आणि गॅलरी. चौघांचं भवितव्य वेगवेगळं आहे. या चौघांना एकाच गाठोड्यात बांधून ‘सगळं राहू द्या’ म्हणून भांडलात, तर वाचण्यासारखं आहे तेही धोक्यात येईल.

तळमजला मंजूर आहे, त्याला कुणी हात लावत नाही. वरच्या मजल्याचा हिशेब करू. तुमचा प्लॉट बाराशे चौरस फूट. २०२० च्या डिसेंबरात राज्यासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्याप्रमाणे दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१० आहे. म्हणजे तेराशे वीस चौरस फूट. तुम्ही पाठवलेल्या नकाशाच्या झेरॉक्सवर तळमजला सहाशे चाळीस आहे. वरचा मजला तेवढाच धरला तर बाराशे ऐंशी होतात. बसतं की! तुमची वसाहत मंजूर लेआउटची आहे, बाहेरच्या भिंती खालच्या भिंतींवरच उभ्या आहेत, म्हणजे मोकळ्या जागेचं, पालिकेच्या भाषेत सामासिक अंतरांचं, भांडण वरच्या मजल्यामुळं नवीन निर्माण होत नाही. माझ्या मते हा मजला नियमित होण्यासारखा आहे.

मागचं स्वयंपाकघर नाही. मंजूर नकाशात मागं दीड मीटर जागा मोकळी दाखवलीय आणि तुम्ही ती कंपाउंडच्या भिंतीपर्यंत भरून काढलीय. एफएसआय कमी पडला तर काही वेळा पैसे भरून वाढवून मिळतो. मोकळ्या जागेचं तसं नसतं. तुमच्या बाबतीत ती सवलत मिळेल, या भरवशावर मी तरी राहणार नाही. गॅलरीचंही तेच. एक मीटरच्या बाजूच्या अंतरात तीन फूट गॅलरी म्हणजे तुमचा कठडा जवळजवळ शेजाऱ्याच्या हद्दीवरच आला. त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीत तुमच्या वाळत घातलेल्या साड्या डोकावतात, हे फोटोतच दिसतंय.

तेव्हा वरच्या मजल्यासाठी अर्ज करायचा आणि मागची खोली व गॅलरी आपणहून काढायची. हे वाचून मालक रागावतील. रागावू द्या, पण पुढचं वाचून दाखवा.

नोटीस एमआरटीपीच्या, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात तुमच्या कामाची ओळ आहे. नोटीस मिळालेल्या माणसाला, नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत, ते बांधकाम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो आणि त्या अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर बांधकामाला बाधा येत नाही. ‘मुदतीच्या आत’ हे शब्द तीनदा वाचा. तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दिलेला अर्ज चालतो. एकतिसाव्या दिवशी तोच अर्ज, तीच सही, तोच नकाशा घेऊन गेलात तर तुम्ही फक्त विनंती करताय. माझ्या नोकरीत चांगली, नियमात बसणारी घरं मी केवळ या एका दिवसापायी अडकलेली पाहिलीत. माणसं मुदतीतले पंचवीस दिवस नगरसेवकाच्या ओट्यावर बसून घालवतात आणि शेवटच्या पाचांत वास्तुविशारद शोधतात.

नगरसेवकाला भेटू नका, असं नाही. भेटा, चहा घ्या. पण त्याच्या फोननं मुदत थांबत नाही.

अर्जाच्या आधी, याच आठवड्यात, एक पानाचं साधं उत्तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या. नोटीस अमुक तारखेला मिळाली. वरच्या मजल्यासाठी मुदतीत परवानगीचा अर्ज करत आहोत. मागील बांधकाम व गॅलरी स्वतः काढून घेत आहोत. समक्ष सुनावणी द्यावी. तक्रारीची आणि स्थळपाहणीच्या पंचनाम्याची प्रत मिळावी. बस्स. ‘बांधकाम वीस वर्षांपूर्वीचं आहे’ वगैरे थापा त्यात घालू नका. पालिकेकडे २०१८ चा तुमचाच नकाशा आहे, त्यात वर मोकळी गच्ची आहे. दोन प्रती न्या, आवक-जावकच्या खिडकीवर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर देतो’ असं म्हणतील. हसून म्हणायचं, ‘थांबते मी.’ पंचनाम्याची प्रत दिली नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. पण त्याची वाट पाहत मूळ अर्ज अडवून ठेवू नका.

आता मालकांची घरपट्टी. हा समज इतका पक्का आहे की पालिकेत काम करणाऱ्यांच्या घरातही मी तो ऐकलाय. कर आकारणीचा विभाग छत मोजतो. छत परवानगीचं की बिनपरवानगीचं, हे बघणं त्याचं काम नाही. नगरपालिकांच्या कायद्यात तर अनधिकृत बांधकामावर शास्ती लावायची तरतूद आहे आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही, हेही तिथंच लिहून ठेवलंय. त्या पावत्यांचा उपयोग आहे तो वेगळा: मजला कधीपासून आहे, याचा पुरावा म्हणून. फाइलला लावा, छातीला लावू नका.

गुंठेवारीचं दाजींना कुणी सांगितलं असेल, ते छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींचं ऐकून. तिथं शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून, बाँडवर विकून, उभ्या राहिलेल्या वस्त्या आहेत. त्यांच्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि कधीपर्यंतचं बांधकाम त्यात बसतं, ती तारीख २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली. तुमचा प्लॉट मंजूर लेआउटमधला, तो त्या कायद्याचा विषयच नाही. आणि असता तरी तुमचा मजला त्या तारखेनंतरचा. अनधिकृत बांधकामं प्रशमन शुल्क, म्हणजे तडजोडीचा दंड, घेऊन नियमित करण्याची २०१७ ची जी वेगळी तरतूद आहे, तिची तारीख त्याच्याही मागची, ३१ डिसेंबर २०१५. दोन्ही दारं तुम्हाला बंद आहेत. तुमच्यासाठी उघडं आहे ते कलम ४४ चं साधं दार, त्यातूनच जा.

आणि दुःख वाटायचंच असेल, तर याचं वाटू द्या. ‘दीड हजार फुटांपर्यंत परवानगी लागत नाही’ असं गावात सर्रास बोललं जातं, तुमचा मिस्त्रीही म्हणाला असेल. नियमावलीत आहे ते असं: दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, नियमात बसणारा नकाशा आणि मालकीची कागदपत्रं परवानाधारक तज्ज्ञामार्फत दाखल करायची, शुल्क भरायचं आणि ती पावती हीच परवानगी. तुमचा प्लॉट साधारण एकशे अकरा चौरस मीटरचा. ही सोय २०२० च्या डिसेंबरात आली, तुम्ही मजला चढवला २०२१ मध्ये. एका पावतीचं काम होतं, ताई. लोकांनी त्या नियमातलं ‘परवानगी नाही’ एवढंच ऐकलं आणि ‘पावती’ सोडून दिली.

दीड लाखवाल्या माणसाबद्दल फार लिहीत नाही. फाइल गायब होत नसते. तिची एक नक्कल नगररचनेत असते, तक्रारदाराकडे पोच असते, आणि आता बऱ्याच गोष्टी ऑनलाइन चढतात. तो माणूस पुन्हा आला आणि कुणा अधिकाऱ्याचं नाव घेऊन पैसे मागू लागला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. तेवढा क्रमांक त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहून ठेवला तरी बहुतेक वेळा तो माणूस पुन्हा येत नाही. शुल्क, वास्तुविशारदाची फी आणि खाली लिहितोय ती तपासणी, याचा मोठा भाग त्याच पैशांत निघेल असा माझा अंदाज आहे.

ती तपासणी म्हणजे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट.

वरचा मजला नियमात बसतो, हे कागदावर झालं. तो खालच्या कॉलमांवर बसतो का, हे कागद सांगत नाही. २०१८ चा नकाशा फक्त तळमजल्याचा होता. ‘कॉलम दणकट हायती, दोन मजले चढवा’ असं मिस्त्री म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. पाया त्यानंच खणला असेल, तर त्याचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. पण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात अशी भेगाळते की भेगेत हात जावा. पाया तिच्यातून खाली मुरमापर्यंत गेलाय की मधेच थांबलाय, यावर सगळं आहे. एक साधी गोष्ट आजच करा. खालच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्यात का बघा. असतील तर चिरेच्या टोकाला पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. दोन महिन्यांनी चीर रेघेच्या पुढं गेली, तर घर बोलतंय असं समजा. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटणारी चीर सहसा मातीची असते. कॉलमच्या उभ्या कोपऱ्यावर तांबूस डाग आणि गिलावा पोकळ वाजत असेल, तर आतल्या सळईला गंज धरलाय.

हे तुमच्या-माझ्या डोळ्यांनी. खरी तपासणी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. तो रिबाउंड हॅमरनं काँक्रीटची ताकद बघेल, एखाद-दुसऱ्या ठिकाणी गिलावा काढून सळई मोजेल, एका कोपऱ्यात पायाशेजारी खड्डा घेऊन खोली बघेल. न येताच सही-शिक्का देणारेही भेटतील. तसला दाखला घेऊ नका. खालच्या खोलीत तुमचीच माणसं झोपतात. शिवाय वर दोन हजार-हजार लिटरच्या टाक्या दिसताहेत. भरल्या की दोन टन. त्या कॉलमच्या डोक्यावर आहेत की स्लॅबच्या मधोमध, तेही त्यांना दाखवा.

मी हे इतकं ताणून का सांगतोय, ते तुमच्या जिल्ह्यात सांगायला नको. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हलली, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा कनिष्ठ अभियंता होतो. मोजमापाच्या फिती घेऊन आम्हाला तिकडं पाठवलं. मोजायला भिंती होत्याच कुठं? दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, आणि डोक्यावर लाकडाच्या तुळयांवर फूटभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून दर काही वर्षांनी माळवदावर आणखी मातीचा थर चढायचा. प्रत्येक थर घरच्यांच्या सोयीसाठी होता. वजन मात्र त्याच भिंतींवर वाढत गेलं. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. तुमचं घर आरसीसी आहे, माळवद नाही, हे मला कळतं. पण ‘खालचं दणकट आहे, वर चढवा’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

आता मागचं स्वयंपाकघर. ते नियमात बसत नाही म्हणून काढा, असं वर लिहिलं. ते नियमात बसलं असतं तरी मी तुम्हाला ते काढायलाच सांगितलं असतं. हौदावरचा स्लॅब माणूस चालावा, फार तर बादल्या ठेवाव्यात, एवढ्यासाठी टाकलेला असतो. तुम्ही त्यावर विटांच्या भिंती, ओटा, गिरणी आणि गॅस सिलिंडर ठेवलाय. खालून चोवीस तास ओल. तो स्लॅब खालच्या बाजूनं कुणी शेवटचा कधी पाहिलाय? हौद रिकामा करून टॉर्च लावून मालकांनी एकदा बघावं. बहुधा सळ्या दिसतील. हौद हवाच, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुराच्या माणसाला ते मी काय सांगू! हौद राहू द्या. त्याच्या डोक्यावरची खोली उतरवा.

गॅलरी काढताना मिस्त्रीच्या हाती नुसता घण देऊ नका. बाहेर झेपावलेल्या गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, मागं स्लॅबमध्ये घुसलेली. आधी खालून टेकू लावायचे, मग बाहेरच्या टोकापासून आत येत तोडायचं आणि बीमपाशी कटरनं सरळ कापायचं. भिंतीजवळ आधी फोडली, तर सगळी एकदम खाली येते, आणि खाली तुमच्या शेजाऱ्यांचा ओटा आहे. कापलेल्या सळ्यांची टोकं सिमेंटनं झाका, नाहीतर तिथून गंज आत जाईल. दोन्ही कामांचे आधी-नंतरचे फोटो काढा, त्यांवर तारीख येऊ द्या आणि ‘सदर बांधकाम स्वखर्चाने काढून घेतले आहे, पाहणी व्हावी’ असं पत्र पुन्हा आवक-जावकला द्या.

अर्जाचा नकाशा काढणारा वास्तुविशारद किंवा अभियंता परवानाधारक असावा. त्याच्या नकाशावर पाडायचं काम पिवळ्या रेघांनी दाखवायचं असतं. तुमची मागची खोली आणि गॅलरी त्या पिवळ्यात आली पाहिजे. फाइल उघडणाऱ्या रचना सहायकाला पहिल्या नजरेत कळतं की हा माणूस काय ठेवायला मागतोय आणि काय सोडतोय. माझ्या टेबलावर अशी फाइल आली की मी ती वर ठेवायचो. यात नियमापेक्षा स्वभावाचा भाग जास्त असेल, पण टेबलामागंही माणसंच बसतात.

मजल्याची परवानगी मिळाली की विषय संपला, असं समजू नका. तुमच्याकडे तळमजल्याचंही भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण झालं, आता राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला, नाही असं दिसतंय. आता सगळ्या घराचं एकदमच काढा. मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायचं तुमच्या मनात आहे ना? बँक आधी तोच कागद मागेल.

अर्ज नाकारला तर? नाकारल्याचा आदेश लेखी, कारणांसह घ्या. तो मिळाल्यापासून चाळीस दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं. ‘स्टे आणू’ म्हणून कुणी लगेच तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात न्यायला लागला, तर त्याला कलम १४९ बद्दल विचारा. या कायद्याखालच्या नोटिसांना दिवाणी दाव्यात आव्हान देणं त्यामुळं अवघड आहे. खरंच प्रक्रिया मोडली गेली, तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट, म्हणजे थेट याचिका, करावी लागते. त्याचा खर्च आणि हेलपाटे मोजून मगच ठरवा. आणि स्थगिती मिळाली म्हणून मजला नियमित होत नाही. फक्त घणाचा हात वरच्या वर धरला जातो.

पाडकामाबद्दल तुमच्या सासूबाईंना जी भीती वाटते, तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस, तीही नोंदणीकृत पोस्टानं आणि घरावर लावून; समक्ष सुनावणी; कारणांसह अंतिम आदेश; त्यानंतरही पंधरा दिवस, म्हणजे माणसाला स्वतः काढून घेता यावं किंवा दाद मागता यावी; आणि पाडकामाचं चित्रीकरण. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. तुमचं घर तुमच्या प्लॉटवर आहे. पण महिनाभरातच, १७ डिसेंबरला, त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात बजावलं की वेळ गेला, पैसा गुंतला किंवा अधिकाऱ्यानं दुर्लक्ष केलं, म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. गावातले वकील पहिला निकाल दाखवतात, पालिकेचे वकील दुसरा. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा. काही न करता बसलात, तर कलम ५२ खाली खटलाही भरता येतो. त्यात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मुदतीत अर्ज करणाऱ्यावर तो भरलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

शेजाऱ्यांचं शेवटी ठेवलं, कारण तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त लिहिलंय. त्यांनी अर्ज मागं घेतला तरी नोटीस मागं जात नाही, हे आधी सांगून टाकतो. तेव्हा अर्ज मागं घ्यायला लावण्यासाठी त्यांच्या पाया पडू नका आणि त्यांच्या बांधकामाची उलट तक्रारही करू नका. दोन घरांत दोन नोटिसा आल्या, की बोलणं कायमचं बंद होतं. फोटोत तुमच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याला पन्हळ नाही. सगळं पाणी थेट त्यांच्या भिंतीवर पडतं आणि भिंत हिरवी झालीय. खोली निघेपर्यंत पाऊस थांबणार नाही, म्हणून उद्याच पीव्हीसीचं पन्हळ बसवा आणि पाणी तुमच्या हौदात सोडा. त्यांची भिंत सुकली की तुमची जाऊ हळदीकुंकवाला त्यांच्याकडे जाऊ शकेल.

आणि सिलिंडर आजच रात्री हौदाच्या स्लॅबवरून पुढच्या खोलीत हलवा. सोमवारी पालिकेत अकराच्या आत पोचा. दीडच्या पुढं शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला, की तो शिक्का चार वाजेपर्यंत कुणालाच सापडत नाही.